बसून करायचं काम

माझ्या मुलाला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही. पहिलीत आहे. बटण एका हातात, काज दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकमेकांच्या ओळखीचे नसल्यासारखे. लांब वाक्य बोलायला जातो, मधेच अडतो आणि "जाऊ दे" म्हणतो. "जाऊ दे" मात्र स्वच्छ म्हणतो, कारण आमच्या घरात तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं.

लोक विचारतात, "बाई, पोट्ट्याले कुठी दाखवलं का नाही?" पूर्वी मी सगळं सांगत बसायचे. आता म्हणते, "दाखवलं." राग येत नाही. रागालाही अंगात जोर लागतो.

मी जळगाव जामोदकडच्या खेड्यातली. बाप हमाली करायचा, आई लोकांच्या वावरात निंदायला जायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. बी.ए., मग बी.एड. एसटीच्या पासावर आणि भाकर-ठेच्यावर घेतलेली पदवी आहे, तिचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. सासर मलकापूरचं, तिथंच एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांकडून जोडाक्षरं घोकून घ्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या लेकराला "पाणी पाहिजे" हे दोन शब्द एका दमात म्हणायला लावायचे, असा माझा दिवस.

सासरचा धंदा न्याऱ्याचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. सोनाराच्या दुकानात घासताना, कापताना सोन्याचांदीचा बारीक कीस खाली सांडतो. दुकानातली झाडण, पायपुसणी, मोरीतला गाळ, सगळं सोनार जपून ठेवतो आणि विकतो. आमच्या घरचे ती माती आणतात, खामगावहून तर पोत्यानं आणतात, आणि तिच्यातून सोनं-चांदी वेगळी काढतात. सासरे म्हणतात, "लोकं फेकतेत थे आपण खातो, पण चोरून नाही खात." खरंच आहे. मेहनतीचा आणि इमानाचा धंदा आहे, मी त्याला नाव ठेवत नाही.

माती जाळायची, कुटायची, घमेल्यात धुवायची. तळाशी जे जड राहतं त्यात पारा घालून मळायचं. पारा मातीला धरत नाही, सोन्याचांदीला धरतो. मग ते सगळं जाड कापडात बांधून पिळायचं. मोकळा पारा थेंबाथेंबानं परातीत पडतो आणि कापडात मऊ लगदा उरतो. तो लोखंडी वाटीत घालून शेगडीवर ठेवला की पारा उडून जातो आणि माल खाली राहतो. पुढचं काम तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं.

पारा उडून जातो. लग्न होऊन आले तेव्हापासून हे मी रोज ऐकत आले. कुठं जातो, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

तेजाबाला मात्र सगळे भ्यायचे. त्याचा पिवळा धूर दिसतो, घसा धरतो, डोळ्यांतून पाणी काढतो. म्हणून ते काम गच्चीवर, वारा कुठून येतो ते पाहून. पोटुशी बाई घरात असली तर तिला तेव्हा वर पाय टाकू देत नसत. पाऱ्याला ना धूर ना वास. शिवाय आच वाऱ्यानं हलायला नको आणि माल येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको. म्हणून शेगडी जिन्याखालच्या खोलीत, दार लोटून. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

मला दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी मला पोटच्या पोरीसारखं जपलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याविषयी भलतंच मनात आणू नये.

"आता घमेलं उचलाचं नाही, वाकून धुवाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुले मी बसून कराचं काम देतो."

ते काम म्हणजे पारा पिळायचं आणि शेगडीकडे लक्ष ठेवायचं. त्यांच्या सासूनं त्यांना तेच दिलं होतं. घरातल्या गरोदर सुनेला हलकं काम, ही रीत. त्यांनी स्वतःच्या अंगाखालची गादी दुमडून माझ्या पाठीशी लावली. मधून मधून गुळाचा चहा आणून द्यायच्या. थंडीचे दिवस होते, शेगडीची ऊब लागायची. पारा बोटांवरून ओघळायचा तेव्हा जड, गार लागायचा आणि बोट कोरडंच राहायचं. मळमळ व्हायची ती तिथं बसल्यावर विसरायला व्हायची. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत मला बरं वाटायचं.

एकदा मी सासूबाईंना म्हटलं होतं, "आत्याबाई, पारा जहरी असते म्हणतात."

"खाल्ला तं जहरी. तू काय खाऊन राह्यली?"

ओट्यावरून सासरे हसले. "कॉलेजवाली आहे बाप्पा! पुस्तकातलं इचारते."

मलाही हसू आलं. शाळेत ताप मोजायची नळी फुटली की आम्ही पोरी तो पारा तळहातावर खेळवायचो. बाई ओरडायच्या त्या नळी फोडली म्हणून.

मुलगा उशिरा बसला, उशिरा चालला. चालायला लागला तो भिंत धरून. बोलायचं नाव नाही. अंगानं धडधाकट, हसरा, गोरागोमटा. कारणं मात्र गावभर तयार होती. ग्रहणात मी भाजी चिरली असेल. मोबाईल पाहिला असेल. एक चुलत सासू तर माझ्या तोंडावर म्हणाली, "मायचं डोस्कं लय चाललं का लेकराच्या वाट्याले काही उरत नाही." मी तिला चहा दिला. शिकलेल्या बाईनं उलट बोललं की शिक्षणालाच नाव ठेवतात, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

पुढं अकोल्याला लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोवर पुष्कळ डॉक्टर झाले होते. कुणी टॉनिक दिलं, कुणी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. या बाईंनी मुलाला मणी ओवायला दिले, चेंडू झेलायला लावला, रेघेवरून चालवलं. मग माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरी धंदा कसला?"

"सोन्याचांदीचा."

"दुकान आहे?"

"नाही. न्याऱ्याचं काम. माती धुतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पारा घरातच तापवता?" मग माझ्याकडे वळल्या. "हा पोटात होता तेव्हा तुम्ही कुठं असायचात?"

"शेगडीपाशी," मी म्हणाले.

"घरात कुणाचे हात थरथरतात?"

नवरा म्हणाला, "बाबांचे. पण ते वयानं." सासऱ्यांच्या बशीतला चहा तोंडाशी जाईस्तोवर निम्मा सांडतो. त्यांचं वय तसं काही फार नाही.

बाईंनी घाई न करता समजावून सांगितलं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण श्वासातून रक्तात जाते आणि आईच्या रक्तातून, नाळेतून बाळापर्यंत पोचते. आईला काहीच झालं नाही असं होऊ शकतं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो. त्या घडणीत अडथळा आला तर बोलणं, लक्ष लागणं, हाताची बारीक कामं, तोल यांत मूल मागं राहू शकतं.

"म्हणजे त्याच्यानंच झालं?"

"तसं नक्की मी सांगणार नाही. मुलं मागं पडायला दुसरी कारणंही असतात. तपासणी करू, पण तिच्यातून आज अंगात काय आहे ते कळेल. तो पोटात होता तेव्हाचं कोणी सांगू शकणार नाही."

मला त्या बाईंचा राग आला. इतकी वर्षं मी एका कारणासाठी फिरत होते, आणि कारण हातात देऊन बाईंनी अर्धं परत काढून घेतलं.

त्या पुढं म्हणाल्या, "बोलायला शिकवणाऱ्यांकडे न्या, हातांचे व्यायाम करून घ्या, सुधारेल. आणि तो पारा घराबाहेर काढा. याच्यासाठी काढा, आणि घरात पुढं जे बाळ येईल त्याच्यासाठी."

परत येताना पॅसेंजरमध्ये मुलगा माझ्या मांडीवर झोपला. नांदुरा गेल्यावर नवरा म्हणाला, "बाबाले कोण सांगल?"

"तुम्ही."

"मी?" असं म्हणून तो खिडकीबाहेर पाहत राहिला. माझा नवरा वाईट नाही. बापापुढं उभा राहिला की लहान होतो, एवढंच. तरी त्यानं एकदा विषय काढला. सासरे म्हणाले, "डॉक्टरले काय मालूम? त्याईच्या दवाखान्यातबी पाराच असते नळीत." झालं. मी मुलाला घेऊन वरच्या खोलीत राहायला गेले, खालची फरशी झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसायला लागले. बाकी जाऊ दे.

मधल्या काळात धाकट्या दिराचं लग्न झालं. माझी ही जाऊ देऊळगाव राजाची. बोलायला मोकळी, हसरी. ती "मला, तुला" म्हणायची म्हणून सासरे तिला चिडवायचे, "ही तं पुण्याची मॅडम आली बाप्पा!" ती म्हणायची, "पुणं कुठं मामा, जालन्याच्या अलीकडं उतरा की." माझ्या मुलाला ती भिंतीवर खडूनं गाड्या काढून दाखवायची. तिच्यासमोर तो जास्त बोलायचा.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर सासूबाई आपली गादी दुमडून जिन्याखाली नेत होत्या.

"कोणासाठी नेता?"

त्या नुसत्या हसल्या. आमच्याकडे पहिले तीन महिने गोड बातमी तोंडानं सांगत नाहीत, नजर लागते. मला बातमी कळली ती गादीवरून.

खोलीत जाऊ पाय पसरून बसली होती. पाठीशी गादी, हातात कापड, परातीत टपटप. शेगडी पेटलेली. मला पाहून म्हणाली, "ताई, बघा की! कसं गार लागायलंय. मला वाटलं काय अवघड काम असंल."

"उठ," मी म्हणाले.

"काय झालं?"

"आधी उठ. बाहेर ये."

मागं पाण्याच्या टाकीपाशी नेऊन तिला मी सगळं सांगितलं. अकोल्याच्या बाईंनी सांगितलं होतं तसंच, शाळेत शिकवते तसं सोपं करून. तिनं ऐकून घेतलं. पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका. मला दिवस गेलेत म्हणून तुमचा जीव जळायलाय का?"

ती कपटानं बोलली नाही. जिचं लेकरू मागं पडलेलं, तिच्यापुढं पोट मिरवू नये, असं तिच्या माहेरी तिला सांगून ठेवलं असणार. शिकलेली असले तरी त्या घरात मी आता तीच बाई होते. मी म्हणाले, "जळू दे माझा जीव. तू त्या खोलीत बसू नको."

ती परत आत गेली. हातातलं काम अर्धं टाकून यायचं नाही, हेही तिला कुणीतरी शिकवलं होतं.

मग मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. सासरे दारातल्या ओट्यावर चहा पीत होते. मुलगा उंबऱ्यावर बसून भाकरीचा पापुद्रा खात होता.

"आत्याबाई, तिले थे काम देऊ नका."

"काऊन? तुले देल्लं अन् तिले नको देऊ? मंग तूच म्हणशीन का दोघीत फरक केला."

"फरक करा. तिले भांडे द्या, कपडे द्या. थ्या खोलीत बसवू नका."

"पोटुशीले कपडे पिळाले लावू? लोकं काय म्हणतीन? येडी झाली का वो तू?"

"डॉक्टरीण म्हणे, पाऱ्याची वाफ पोटातल्या लेकराच्या डोक्याले लागते."

"कोन्या लेकराच्या?"

मी मुलाकडे पाहिलं. त्यांनी उंबऱ्यावर पाहिलं. तव्यावरची भाकर करपायला लागली, त्यांनी ती उलटली नाही.

"म्हणजे मी केलं म्हणतं तू," त्या म्हणाल्या. "मी गादी देल्ली, मी चहा देल्ला. मीच?"

"तुमी नाही केलं, आत्याबाई. कोणालेच मालूम नव्हतं."

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. "माह्या मायनं हेच केलं. हिनंबी केलं. चार लेकरं आहेत माह्ये. दोघं धंदा करून राह्यले, दोघी नांदून राह्यल्या. काय झालं त्याईले, सांग बरं? तू बी.ए. आहे ना, सांग."

मग मलाच एक सुचलं. "मामाजी, तवा शेगडी कुठी राहे?"

"ओसरीत."

"ओसरीले दार होतं?"

"ओसरीले कायचं दार? उघडी ओसरी. मातीचं घर होतं तवा."

"मंग जिन्याखाली कवा आली?"

"घर बांधलं तवा." एवढं बोलून ते थांबले. ते स्लॅबचं घर त्यांनी माझ्या लग्नाच्या आधी बांधलं होतं. त्याच्यावर त्यांचा जीव होता. येईल त्याला ते जिना दाखवायचे. मग म्हणाले, "मंग आता काय घर पाडू?"

मुलगा म्हणाला, "जाऊ दे." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच गादीवर जाऊन बसल्या. "मी पिळतो. माह्यं आता काय व्हाचं राह्यलं?" जाऊ भिंतीपलीकडे पोळ्या लाटत होती. हवा तीच. मला पुन्हा तोंड उघडायचा कंटाळा आला होता. खरं म्हणजे भीती वाटत होती. घरात त्या दिवसापासून माझ्याशी जेवण्यापुरतं बोलणं होतं. जाऊ माझ्यासमोरून जाताना पोटावर पदर ओढून घ्यायची.

त्यानंतर एके दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना सासूबाई जिना चढून आल्या. धाप लागली होती. पाण्याच्या पिंपाला टेकून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीणनं नक्की सांगतलं का? याच्यानंच झालं म्हणून?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्या एका शब्दानं जाऊ त्याच दिवशी वाचली असती. पण मग या बाईनं उरलेला जन्म कसा काढला असता?

"नाही," मी म्हणाले. "नक्की नाही सांगता येत म्हणे."

"नक्की नाही."

"नाही."

त्यांनी बादलीतलं एक कापड उचलून झटकलं आणि दोरीवर टाकलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "नक्की नाही म्हणजे, असूबी शकते."

"हाव."

"तिच्या मायले फोन लाव."

चौथ्या महिन्यात सुनेला माहेरी धाडायचं म्हणजे आमच्याकडे चर्चेला आमंत्रण. सातव्यात ओटी भरल्याशिवाय पहिलटकरीण जात नाही. गेली तर भांडून गेली, नाहीतर हाकलली. सासूबाईंनी सगळं अंगावर घेतलं. शेजारणींना सांगितलं, "तिले आमच्या घरचा वासच सहन होत नाही. उलट्या करून करून पोट्टी अर्धी झाली." शेजारीण म्हणाली, "नाजूक सून केली वो तुमी." त्या म्हणाल्या, "केली बाप्पा. आता काय परत देता येते?"

जाताना जाऊ माझ्या पाया पडली, मोठी म्हणून रीतीनं. माझ्याकडे पाहिलं नाही. दिरानं तिला देऊळगाव राजाच्या गाडीत बसवून दिलं.

तिला मुलगी झाली. बारशाला सासूबाई आणि मी गेलो. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि तिच्या आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "मग विहीणबाई, लेकीला कधी नेता?"

सासूबाई म्हणाल्या, "आमची शेगडी घराबाहेर निंगाली का नेतो. नाही निंगाली तं तुमच्याच घरी राहू द्या."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि जावेला कळलं. तिनं मुलीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी आणायला गेली. मी त्या मुलीच्या मुठीत माझं बोट देऊन पाहणार होते, ती कशी धरते ते. मग वाटलं, हे काय चाललंय माझं. नुसती मांडी हलवत बसले.

विहिणीच्या घरी दिलेला शब्द, त्यामुळं सासऱ्यांना पर्याय राहिला नाही. गावाबाहेर पत्र्याचं शेड घेतलं, दोन बाजूंनी उघडं. जिन्याखालची खोली रिकामी केली, घराची दारं-खिडक्या उघड्या टाकून आम्ही सगळे गच्चीवर गेलो आणि मिस्त्रीकडून फरशी काढून घेतली. तोंडाला फडकं बांधायला मी त्याला तीनदा सांगितलं तेव्हा त्यानं बांधलं. फरशीच्या सांध्यांत, खालच्या वाळूत पारा चमकत होता. सासरे खाली जाऊन कागदावर गोळा करायला लागले. मी ओरडले तर म्हणाले, "मालच आहे ना हा, फेकू काय?" त्यांचा हात थरथरत होता आणि कागदावरचे मणी इकडून तिकडे पळत होते. नवऱ्यानं पहिल्यांदा बापाचा हात धरला आणि बाहेर आणलं. त्यावरून सासरे काही दिवस त्याच्याशी बोलत नव्हते, आता बोलतात. माझ्याशी अजून मुलामार्फत बोलतात, "तुह्या मायले सांग, चहा ठिव म्हणा." त्यामुळं मुलाला बोलायचा सराव होतो, तेवढाच फायदा.

जाऊ परत आली. तिची मुलगी आता रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, "दादा" म्हणते. चांगली आहे. चांगली दिसते. ती आईच्या पोटात असताना पहिले तीन महिने त्या घरातच गेले, त्यांचं काय, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही. जाऊ कधी कधी तिला माझ्यापुढं बसवते आणि म्हणते, "ताई, बघा बरं, हात नीट धरायलीय ना?" मी म्हणते, "धरते." तेवढ्यानं तिचं भागतं. माझं भागत नाही, पण ते मी बोलत नाही.

मला वाटलं होतं, शेगडी घराबाहेर गेली की मी एक दिवस नुसती झोपून राहीन.

परवा नवरा जेवताना म्हणाला, "बाबांनी शेडवर एक बाई ठेवली. घमेल्याचं काम माणसं करतेत, तिले बसून कराचं दिलं."

"किती वर्षांची आहे?"

"मले काय माहीत? बाई आहे. मजुरीवाली."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी शेडवर गेले. सासरे अजून यायचे होते. बाई पोत्यावर बसून पिळत होती. चाळिशीच्या आत-बाहेर, कपाळाला मोठं कुंकू. बाजूला शेगडी पेटलेली, वारा आरपार चाललेला. मी सरळच विचारलं, "बाई, तुमाले दिवस गेलेत का?"

ती आधी पाहतच राहिली, मग खो खो हसली. "काय वो मॅडम, सकाळी सकाळी! माह्यं ऑपरेशन होऊन जमाना झाला."

मला हायसं वाटलं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, कारण बाईचे हात त्या पाऱ्यातच होते आणि तिलाही एक डोकं होतं, दोन हात होते. फडकं बांधा, शेगडीवरचा वारा अंगावर येईल असं बसू नका, घरी जाताना लुगडं बदला, असं काहीबाही मी सांगत राहिले. ती "हाव, हाव" म्हणत होती.

"तुमाले बरं वाटलं ना काम?" मी विचारलं.

"लय बरं. वावरात उभ्यानं कंबर जाते. इथीसा सावली आहे, बसून आहे." मग म्हणाली, "माह्या पोरीलेबी बोलावलं मी उद्यापासून. औंदाच लगन झालं तिचं. तिले उन्हात काम होत नाही आता, कोरड्या उलट्या होऊन राह्यल्या."

शाळेची वेळ झाली होती. मी पर्स खाली ठेवली, तिच्यासमोर दुसरं पोतं ओढून बसले आणि अकोल्याच्या बाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. ती ऐकत होती. हात चालूच होते.